जिवंत माणसाच्या डोक्यावरचा क्रूस

आमच्या वोलोस्को बंदरात दर्यावरून जीव वाचवून आलेला माणूस आधी दारू पितो आणि मग चर्चमध्ये चित्र लावतो. वादळातलं जहाज, कोपऱ्यात ढगावर मारियामाता, आणि डेकवर त्या सफरीतले सगळे खलाशी. परत न आलेल्याच्या डोक्यावर बारीक लाल क्रूस. ही चित्रं बोर्तुल किंकेला नावाचा चितारी काढायचा. शेजारच्या खोलीत मी शिडं शिवायचो. मधे नुसत्या फळ्या. त्याच्याकडचं सगळं ऐकू यायचं, आणि ऐकलंच नाही असं सोंग मी कधी केलं नाही.

बोर्तुल मूळचा खलाशीच. ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमेसाठी आमच्या किनाऱ्यावरची माणसं उचलली, त्यात हाही गेला. त्याचा चित्रातला हात बघून मोहिमेच्या साहेबानं त्याला चित्रं काढायला लावलं. जहाज बर्फात अडकलं, दोन हिवाळे तिथेच गेले. परत आले तेव्हा बंदरावर बँड वाजला, पदकं साहेबाच्या छातीवर गेली. बोर्तुलचं एक चित्र राजधानीच्या, व्हिएन्नाच्या सचित्र वर्तमानपत्रात छापून आलं. बर्फाचा उंच कडा आणि पायथ्याशी मुंगीएवढा माणूस. तो माणूस म्हणजे त्याच्यासोबतचा खलाशी, झ्वाने रुबिनिच. तो परत आला नाही. छातीत थंडी भरून गेला, असं सगळ्यांनी त्याच्या बायकोला, याकोमिनाला सांगितलं.

तिनं ते छापील चित्र घरात मातेच्या तसबिरीशेजारी लावलं. दर रविवारी बोर्तुलला जेवायला बोलवायची. "तुझ्यामुळे माझ्याकडे त्याचं काहीतरी राहिलं रे," म्हणायची. हा मक्याचा घाटा आणि तळलेली तारली खाऊन यायचा आणि मागच्या बोळात जाऊन ओकायचा. मला वाटायचं, बाईच्या हाताला चव नसेल.

मोहिमेतून वाचलेल्यांनी चर्चसाठी आपलं चित्र काढायला बोर्तुललाच सांगितलं होतं. खलाशांच्या संताचा, संत निकोलसाचा सण तोंडावर आला, चित्राचा पत्ता नाही. शेवटी तोने लेत्तिस, त्यांच्यातलाच एक, तावातावानं आला.

"अरे, बर्फातून आपण सुटलो, तुझ्या हातातून चित्र सुटेना होय!"

त्यानं चित्रावरचं फडकं ओढलं. मी फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

"झ्वानेच्या डोक्यावर क्रूस कुठाय?"

बोर्तुल ब्रश पुसत राहिला.

"आणि हा... हा तूच ना? तुझ्या डोक्यावर क्रूस? जिवंत माणसाच्या? डोकं फिरलंय का तुझं? असला अपशकुन करतोस? आम्हाला अजून दर्यावर जायचंय, मेल्या! पूस तो."

"नाही पुसत."

"मग याकोमिनाला काय सांगू? नवरा वाचलाय, चुलीवर सूप ठेव म्हणून?"

दार आपटून तो गेला. मी सुई खोचून ठेवली आणि आत गेलो. काय भानगड आहे, सरळ विचारलं.

बोर्तुल खाली बघून बोलला. "कडा केवढा आहे ते कळावं म्हणून साहेब म्हणाला, खाली माणूस उभा कर. झ्वाने उभा राहिला. उजेड असा गुलाबी पडला होता की मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो म्हणाला, झालं का रे? मी म्हटलं, होतंय. पुन्हा म्हणाला. मी ओरडलो, हलू नकोस. मग त्यानं विचारलंच नाही. मला बरं वाटलं, आता नीट उभा राहिलाय म्हटलं. पाय गोठून मेले होते त्याचे. डॉक्टरनं कापले, पण विष वर चढलं होतं."

माझं टाळकंच सटकलं. मी तेव्हा गोदीतल्या हमालांना मालकांविरुद्ध एकत्र करत होतो. म्हटलं, "मग खुनी तो साहेब! पदकं मिरवतोय हरामखोर. उद्याच्या सभेत तू उभा राहा, सांग सगळ्यांना."

"साहेब जहाजावर शेकत होता," बोर्तुल म्हणाला. "माणूस उभा कर, एवढंच म्हणाला तो. किती वेळ, ते मी ठरवलं. माझं पाप तुझ्या सभेला नाही द्यायचं मला."

मला राग आला. तरी तिथेच बसलो.

तोनेनं तोवर धक्काभर बोभाटा केला होता. याकोमिना आली ती मासे साफ करता करताच उठून, हाताला खवले तसेच. चित्रासमोर उभी राहिली.

"घाईत चुकला असशील," ती म्हणाली. "होतं असं."

"चुकलो नाही." आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, एक शब्दही मऊ न करता.

तिनं चित्रातल्या झ्वानेकडे बघितलं. मग म्हणाली, "कोटाचं माप घ्यायला मी गेले तरी जागेवर थांबायचा नाही तो. तुझ्यासाठी थांबला."

"हो."

"तुला गारठा लागत नव्हता?"

"लागत होता. पण माझा हात चालू होता."

"मला छातीचं सांगितलंत. सगळ्यांनी मिळून." तिनं हात एप्रनला नाही, सरळ स्कर्टला पुसले. "त्याच्या डोक्यावर क्रूस काढ. तो मेलाय. त्याला जिवंत दाखवून मला वाट बघायला लावू नकोस. आणि तुझा पूस."

"याकोमिना, मला तो..."

"पूस म्हणते ना! मेलेल्यासाठी माणसं मेणबत्ती लावतात, त्याला माफ करतात. तुला ते फुकट हवंय होय?"

त्यानं पुसला. झ्वानेवर काढला. ती शेवटपर्यंत बघत राहिली, मग म्हणाली, "रविवारी येऊ नकोस."

सणाला चित्र चर्चमध्ये लागलं. सगळ्यांना आवडलं. याकोमिना अजून रोज माशांची टोपली घेऊन आमच्या दारावरून जाते. बोर्तुल तिला लांबून ओळखतो, ब्रश ठेवतो आणि उंबऱ्यात येऊन उभा राहतो. ती थांबलेली मी अजून तरी पाहिली नाही.