चपलेचा अंगठा

आमच्या सिटी बसच्या कंडक्टरचं नाव मला अजून ठाऊक नाही. विड्या वळणाऱ्या बायकांशी तो तेलुगूत भांडतो, अक्कलकोटकडच्यांशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत. "उद्यापासून थांबणार न्हाय," हा दम मात्र सगळ्यांना सारखाच.

कन्ना चौकात एक म्हातारी विड्यांची टोपली सावरत रोज उशिरा येते. नेमका तेव्हाच हा खाली उतरून वाकतो आणि ड्रायव्हरला ओरडतो, "जरा थांब की, चपलेचा अंगठा तुटलाय." आत बसून मला वाटायचं, या माणसानं एकदाची नवी चप्पल घ्यावी.

परवा मलाच उशीर झाला. धापा टाकत पोचले, तर बस उभी आणि दाराशी हा वाकलेला.

"उद्यापासून थांबणार न्हाय," तो म्हणाला.

त्याच्या पायात बूट होते.