चाळीस मिनिटं

उत्तरेतल्या त्या डोंगराळ गावच्या चिमुकल्या विमानतळावर आम्ही तीन दिवस बसून होतो. दरी ढगांनी भरलेली आणि रस्ता दरड कोसळून बंद. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंची लेक डोंगरापलीकडच्या शहरात बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बाईंच्या मांडीवर तुपाचा डबा आणि कुंपणाबाहेर त्यांचा नवरा. पोचवायला आलेल्यानं विमान उडाल्याशिवाय घरी परतायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून तोही तीन दिवस तिथेच.

पहिल्या दिवशी शहाणपणा मीच केला होता. मोबाईलमध्ये बघून म्हणाले होते, "चाळीस मिनिटं फक्त! संध्याकाळी लेकीजवळ असाल."

आता तो आकडा दिसला की डोकं फिरतं. कुणी काढला हा हिशोब? नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यानं! त्याच्या पट्टीला ना ढग आडवे येतात, ना कुणाच्या कळा ऐकू येतात. त्यात तिकीट-खिडकीमागचा माणूस जांभई देत तेच ऐकवतो, "चाळीस मिनिटांचा तर प्रवास आहे, एवढी घाई कसली?"

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंना फोन आला. नात झाली होती, आणि लेकीजवळ आपलं असं कुणीच नव्हतं.

बाईंनी डबा पोटाशी धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, तुझी ती चाळीस मिनिटं सुरू कधी होतात गं?"