पऱ्हाटीची काडी

मधुकररावांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. बत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार. नागपूरच्या लकडगंजात कडुनिंबाखाली गाड्या दुरुस्त करत बसणाऱ्या धोंडबाने त्यांच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि पिशवीतून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, बोटाएवढी जाड, वाळकी काडी काढली, तेव्हा ते मनात म्हणाले, झालं, आता हा मंतर-जंतर करणार.

साल चौऱ्याहत्तर. गाडी विलायती, सदतीस सालची. तिचं कार्बुरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवणारा भाग, म्हातारपणाने तडकलं होतं. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने कळवलं, हा माल बनणं बंद होऊन जमाना झाला. दुसरा कोणी गाडी भंगारात घालून मोकळा झाला असता. पण सुमतीबाईंना, त्यांच्या पत्नीला, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. रिक्षात त्यांना चढवता येत नसे, नव्या मोटारींच्या दारात पाय अडकत असे. या एकाच गाडीचं दार मागच्या बाजूने टांगलेलं आणि पुढून उघडणारं होतं. बाईंना पाठमोरं उभं करून अलगद मागे बसवलं की झालं. दर शनिवारी अशा त्या खाप्याला आईला भेटायला जात. आई, प्रयागबाई, नव्वदीची, डोळ्यांनी अधू. दोन महिने भेट नव्हती. नव्वदीच्या माणसाला दोन महिने थांब म्हणणं सोपं नसतं. 

आधी त्यांनी स्वतःचीच अक्कल पाजळली होती. भंगार बाजारातून कुठल्याशा ट्रकचं मोठं, चकचकीत कार्बुरेटर आणून बसवून घेतलं. मोठं ते चांगलं, हा कारकुनी न्याय. गाडी काळा धूर ओकत कोराडीच्या अलीकडे बसली ती बसलीच. शेवटी बैलजोडी लावून घरी आणावी लागली, आणि सगळ्या गल्लीची करमणूक झाली.

"तान्ह्या लेकराले परातीनं दूध पाजता काय, साहेब?" धोंडबा एवढंच म्हणाला.

त्याने तडकलेल्या कार्बुरेटरच्या घशात काडी घातली, काढली, चाकूने तासली, पुन्हा घातली. ढिली नाही, घट्ट नाही, अशी बसल्यावर ती खिशात टाकली. "आता हे काडी ज्याच्यात बसन, ते आपलं."

धोंडबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामठीला लष्कराच्या गाड्यांचे पुर्जे रॉकेलमध्ये धुवायला लागला होता. बाकीचे मापं वाचत. याला अक्षरओळख नव्हती आणि करून द्यावी असं कुणाला वाटलंही नाही. मग त्याने बोटांना आणि कानांना शिकवलं. अशी शिकलेली बोटं फसत नाहीत, हे मधुकररावांना पुढे कळायचं होतं.

तीन आठवडे ती काडी नागपूरभर हिंडली. शेवटी कळमेश्वरकडे, भैय्याजी नावाच्या बागाईतदाराच्या संत्र्याच्या बागेत, विहिरीवर एक जुनं पाण्याचं इंजिन दिसलं. वीज आल्यापासून ते गंजत पडलं होतं. त्याच्या कार्बुरेटरात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. धोंडबाने माती खरवडली, फुंकर मारली आणि काडी आत सरकवली. ती बसली.

"घेऊन जा गा, मले काय कामाचं," भैय्याजी म्हणाले.

"चला, झालं एकदाचं," मधुकरराव म्हणाले.

"कुठचं झालं जी. घसा जमला, घोट जमाचा आहे."

दुसऱ्या दिवशी मधुकरराव कडुनिंबाखाली गेले आणि जे पाहिलं ते जन्मभर विसरले नाहीत. पेट्रोल ज्या इवल्या भोकातून झिरपतं, ती पितळी बोंडी धोंडबाने जुन्या कार्बुरेटरातून काढली, नरसाळ्याच्या तळाशी बसवली, वर कपभर पेट्रोल ओतलं आणि डोळे मिटून संथपणे त्रिशरण-पंचशील म्हणू लागला. चौथं शील संपता संपता नरसाळं रिकामं झालं. मग विहिरीवरच्या इंजिनाची बोंडी लावली. दुसऱ्या शीलालाच पेट्रोल संपलं. तरी धोंडबाने पाचही शीलं पुरी म्हटली. अर्धवट सोडणं त्याला ठाऊक नव्हतं.

"घड्याळ देऊ का?" मधुकररावांनी विचारलं.

"नोको जी. घड्याळ पाहा लागते, मंग हातावरचं ध्यान जाते. हे मी छप्पन साली मैदानावर लाखो लोकायसंगं म्हटलं. तवापासून एकाच चालीनं निंगते."

जुनी बोंडी विहिरीवरच्या कार्बुरेटरच्या आट्यांत बसत नव्हती, म्हणून त्याने त्याच्याच बोंडीचं भोक शिशाचा डाग देऊन बुजवलं आणि सुमतीबाईंच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्यांत बारीक सुईने नवं पाडलं. कमी झालं. पुन्हा बुजवलं. जास्त झालं. असं पाच वेळा. सहाव्या वेळी चौथं शील आणि पेट्रोल बरोबरच संपलं.  आयुष्यभर मधुकररावांनी शिक्क्याच्या कागदाला मान दिला होता, आणि इथे एक माणूस कागदावाचून केसाएवढं भोक तोलत होता. त्याच्यासमोर आपण फार लहान आहोत असं त्यांना वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही.

शनिवारी गाडी सुरू झाली. वाटेत काही लागलं तर असू दे म्हणून धोंडबाही मागे बसला. काहीच लागलं नाही.

खाप्याला घरासमोर गाडी थांबली. प्रयागबाई भिंत चाचपत ओट्यावरून उतरल्या. दार उघडून बसलेल्या लेकीजवळ आल्या, आणि तिचा चेहरा, कान, गळा हातांनी पुन्हा पुन्हा चाचपू लागल्या.

"सुमे, तूच हायेस काय वं?"

"मीच, आई."

"हे लोक सांगत, गाडी बिघडली. मी समजली, तू गेली, अन् म्हातारीले खोटं सांगून राहिले." त्यांचे हात थांबत नव्हते. "म्या त् तुयासाठी रडूनबी घेतलं वं."

सुमतीबाईंनी चांगल्या हाताने आईला छातीशी ओढलं. 

धोंडबा पाठ फिरवून बॉनेट पुसत होता. मधुकररावांनी त्याच्यासाठी आभाराचं एक वाक्य नीट जुळवून आणलं होतं.  त्याऐवजी त्यांनी त्याचे दोन्ही काळे हात आपल्या हातांत घेतले, आणि त्यांना ते सोडवेनात.