पांढऱ्या फ्रॉकचे सहा टाके

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्या घोरावाडीच्या शिलाईवाल्या मावशी. बारा वर्षं त्यांच्या शेजारी राहिलो, पण त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. स्टेशनापासून दोन मिनिटांवर असलेल्या आमच्या चाळीत त्या सगळ्यांच्याच मावशी होत्या. कुणी कपडा पुढे केला की कपाळावरचा चष्मा खाली ओढायच्या आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "आदी उलटा कर."

मावशींनी पंधरा वर्षं एका कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासला होता. तोही लहान मुलांचा, परदेशी जाणारा. नंतर दिवसभर उभं राहून गुडघे दुखायला लागले तेव्हा घरीच मशीन टाकलं. लोकल गेली की आमच्या चाळीची जमीन थरथरते. टीप वाकडी जाऊ नये म्हणून मावशी गाडी जाईपर्यंत पाय थांबवायच्या. अर्धं वाक्य बोलून झालेलं असलं तर तेही थांबायचं.

तळेगावच्या नव्या सोसायट्यांमधल्या बायका त्यांच्याकडे मुलांच्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन यायच्या. तुम्हीही अशा प्रसंगी कुठंतरी उभे राहिला असाल. पिशवीतून एक जाकीट निघायचं, छातीवर मोठं नाव.

"मावशी, ब्रँडेड आहे हो. तरी एका महिन्यात चेन उसवली."

मावशी जाकीट उलटं करायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायच्या. "ब्रँडेड आसंल बाई. पन टीप कुटं ब्रँडेड हाय? सगळं पैसं छातीवर लावलं, काखंला काय ठिवलंच न्हाई."

दुसरी बाई बाजारातली स्वस्त लेगिंग काढायची. तिचंही हसं व्हायचं. "ही तर पावनी हाय. दोन धुनी ऱ्हाईल नि जाईल." मग बायका वैतागून विचारायच्या, महागाचं घ्यायचं की स्वस्तातलं, एकदाच काय ते सांगा. मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं. "किंमत मला सांगू नगा. किती येळा घातला त्ये सांगा."

माझं त्यांच्याशी नातं जुळलं ते एका शर्टामुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आईवडील वीटभट्टीवर. बी.एस्सी. झाल्यावर जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि माझ्याकडे धड शर्ट नव्हता. आईनं ओळखीच्या एका साहेबांचा जुना शर्ट मागून आणला. साहेब अंगानं माझ्या दुप्पट. तो घातला की मी दोरीवर वाळत टाकल्यासारखा दिसायचो. मावशींनी शर्ट सगळा उसवला, माझ्या मापानं पुन्हा शिवला, इस्त्री केली आणि पैसे घेतले नाहीत. "पास हो, मग बगू," एवढंच म्हणाल्या. नोकरी लागली. आज मी तिथंच क्वालिटी विभागात आहे.

पण मनात एक गाठ होती. लहानपणी मी कायम दुसऱ्यांचे कपडे घातले. शाळेत मुलं मला "तंबू" म्हणायची. म्हणून थोरली मुलगी मैत्री जन्मली तेव्हाच मी ठरवलं, माझ्या मुलीच्या अंगावर दुसऱ्याचा कपडा कधीही चढणार नाही.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा मला कंपनीनं कायम केलं. त्याच आठवड्यात पुण्याच्या मॉलमधून तिच्यासाठी पांढरा फ्रॉक आणला. पाठीला मोठा बो. किंमत ऐकून बायको रस्ताभर पावतीच बघत होती.

आणि मग आम्ही काय केलं असेल? तो कपाटात ठेवून दिला. डाग पडेल, माती लागेल, काहीतरी चांगला प्रसंग येऊ दे. लेबलही काढलं नाही. घरी पाहुणे आले की फ्रॉक बाहेर यायचा, लोकांना दाखवून परत आत जायचा. मैत्री शेजारी जुन्या चड्डीत उभी राहून बघायची.

प्रसंग आला दीड वर्षानं. लोणावळ्याला माझ्या मेव्हण्याचं लग्न. आमच्यात, बौद्धांत, लग्नाला पांढरा रंग, त्यामुळे फ्रॉक अगदी शोभणार होता. सासरची माणसं पैशानं जरा वरची. फ्रॉक घेण्याआधीच्या एका कार्यात बायकोनं मला न विचारता मैत्रीला मामेबहिणीचा जुना झगा घातला होता, तेव्हा बायकोची एक आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हा तर आमचाच की!" ते मला खूप लागलं होतं. या वेळी माझी मुलगी तिच्या स्वतःच्या नव्या कपड्यात त्या मांडवात उभी राहायला हवी होती. लग्नाच्या दोन दिवस आधी फ्रॉक काढला. मैत्रीचं डोकं आत गेलं, हात अडकले. पाठीची चेन निम्म्यावर थांबली. मैत्री रडायला लागली आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

मी फ्रॉक घेऊन मावशींकडे गेलो.

त्यांनी आधी लेबल पाहिलं, मग माझ्याकडे. "येकदा बी घातला न्हाई?"

"प्रसंगासाठी ठेवला होता मावशी."

"पोरगी बी ठिवायची व्हती मंग कपाटात. ती कशाला वाढवली?"

त्यांनी फ्रॉक उलटा केला, अंगठा फिरवला आणि प्रथमच त्यांचा चेहरा बदलला. "हितं बग." दोन्ही कुशींच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. खालच्या घेराला चार बोटं. "शिवनारा शाना हाय. पोरं वाढत्यात ह्ये त्याला ठावं हाय. ह्यात तुजं पैसं खरं लागल्यात."

एवढ्यात लोकल आली. मावशी थांबल्या, मीही श्वास धरून उभा. गाडी गेल्यावर म्हणाल्या, "फकस्त काखंत कमी पडतंय. बो कापावा लागंल."

"बो? मावशी, त्याच्यामुळंच तर घेतला होता!"

"तितं बसून त्यो काय काम करतोय? पोरगी टेकली की टोचतोय."

बोचं कापड काखेत गेलं. कुशी सोडल्या, घेर सोडला, जुन्या घडीची रेघ लेसखाली झाकली. शेवटी मावशींनी मैत्रीला विचारलं, "कंचा रंग आवडतो गं?" ती लाल म्हणाली. मावशींनी घेराच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका घातला.

"दृष्ट लागू नये म्हणून का?" मी विचारलं.

"दृष्ट बिष्ट काय नस्तंय. कुनी घातला त्याची निशानी."

लोणावळ्याच्या त्या मांडवात मैत्री दिवसभर धावली. जिलेबी खाल्ली, बोटं फ्रॉकला पुसली. मी एकदाही ओरडलो नाही. तीच आत्या आली, कापड चाचपून म्हणाली, "छान आहे हो! कुठून घेतला?" मी उत्तर देणार एवढ्यात मैत्रीनं सगळ्यांसमोर घेर उलटा केला. "आत बघा. हा माझा टाका!" आत्यांनी चष्मा काढून, वाकून तो टाका पाहिला. त्या क्षणी मला जे वाटलं, ते नोकरीचं पत्र हातात आलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी फ्रॉक मैत्रीला खरोखर लहान झाला. मावशी म्हणाल्या, "भाजीवालीच्या नातीला दे. म्या मापात करती."

मी मान हलवली. "नको मावशी. दुसऱ्याचं घालायला लागलं की कसं वाटतं, ते मला माहीत आहे. त्या पोरीला कशाला?"

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला. "व्हय? मंग तुजी नोकरी कुनाच्या शर्टात लागली रं?"

मी फ्रॉकची घडी घालू लागलो.

"तुला दुसऱ्याचं टोचलं न्हाई. ढगळ टोचलं. मापात बसला की कपडा घालनाऱ्याचा."

फ्रॉक गेला. भाजीवालीच्या नातीनं हिरवा दोरा निवडला. मग निळा, मग केशरी, मग गुलाबी. प्रत्येक वेळी मावशी शिवण थोडी आत घ्यायच्या किंवा सोडायच्या, आणि नवा टाका घालायच्या. पाचव्या मुलीनंतर फ्रॉक धुऊन माझ्या दारात आला, तेव्हा आमची धाकटी सुजाता चार वर्षांची होत होती. त्याच सुमारास मावशींचा मुलगा त्यांना बेडसे गावातल्या आपल्या घरी घेऊन गेला. गुडघ्यांनी आता पायमशीन सोसत नव्हतं. लोकल आली की चाळीत अजूनही जमीन थरथरते. त्या खोलीत थांबणारं मशीन मात्र नाही.

मावशींना फोनवर नीट ऐकू येत नाही, पण चौथीपर्यंतचं वाचन पक्कं आहे. म्हणून परवा पार्सलमध्ये हे पत्र ठेवलं:

"मावशी, सप्रेम जयभीम.

सुजाता काल पाच वर्षांची झाली. वर्षभर तिनं फ्रॉक घातला. वाढदिवसाला, शाळेत, मातीत, कधी कधी झोपतानाही. पाच जणींनी घातलेला फ्रॉक माझ्या मुलीच्या अंगावर होता आणि ती तो चाळभर दाखवत फिरली. किती वेळा घातला ते विचाराल, तर मोजायचं राहिलं.

आता तो तिला होत नाही. सोबत पाठवतो आहे. तुमची पणती अडीच वर्षांची झाली असं कळलं. कुशीत अजून एक बोट कापड शिल्लक आहे, मी बघितलं.

तुम्ही नव्हता म्हणून सुजाताचा पिवळा टाका मी घातला. मध्येच लोकल आली आणि हात थांबवायचं विसरलो, म्हणून वाकडा आहे. आधी उलटा करा, दिसेल. तो तसाच राहू द्या.

सातवा टाका तुमच्या हातचा. पणतीला रंग विचारा.

तुमचा,
मापात बसलेल्या शर्टातला मुलगा"