काचेवरचा पेला

तुमच्या घरी पाहुणा आला की तुम्हाला आधी काय दिसतं, पाहुणा की त्याच्या हातातला पेला? खरं सांगा, लाजायचं कारण नाही. पाहुणा पेला घेऊन टेबलाकडे नुसता वाकला तरी तुमचा हात फडक्याकडे जात असेल, तर ही गोष्ट तुमच्याच घरातली समजा. नाव तेवढं काजवालीचं.

काजवाली म्हणजे शर्टाच्या कारखान्यात जन्मभर काजं करणारी बाई. बटण ज्या फटीतून आत जातं, ती फट कुणीतरी टाका टाका घालून बांधून घेतलेली असते, हे शर्ट घालून मिरवणाऱ्याच्या डोक्यात कधी येत नाही. तिची मनगटं कुरकुरायला लागली तेव्हा तिनं काम सोडलं. लाइनीवरच्या बायांनी ठरवलं, हिला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. कापून उरलेल्या चिंध्या गोळा झाल्या आणि मधल्या सुट्टीत एक झाड शिवायला घेतलं. एकेकीचं एकेक पान, जिचं पान तिच्या पसंतीचा रंग. बटणवालीनं आपल्या पानावर बारीक पांढरी बटणं दवासारखी बसवली. इस्त्रीवालीनं पान तर शिवलंच, वर अख्ख्या झाडाला अशी कडक इस्त्री मारली की वारा आला असता तरी ते हललं नसतं. बुंधा मात्र काजवालीनंच केला, कारण तिच्यापासून काही लपवून ठेवणं ह्या बायांच्या तोंडाला झेपलं नाही.

तिचा नवरा त्याच कारखान्यात पॅकिंगचा फोरमन होता. निवृत्त झाला तरी गल्लीत तो फोरमनच. झाड बघून त्याची छाती फुगली. सुताराकडून टेबल करून घेतलं, झाड वर अंथरलं, त्यावर जाड काच. आल्यागेल्याला दाखवायचा, म्हणायचा, "आमच्या घरातलं काम आहे." त्यातल्या 'आमच्या'वर एवढा जोर, की सुईत दोरा ह्यानंच ओवला असावा. हा माणूस बटण तुटलं तर शर्ट बदलायचा.

मग एकदा मेहुण्याच्या कपातून चहाचा थेंब काचेवर पडला, आणि फोरमनच्या आयुष्याला नवं काम मिळालं. आधी थर्माकोलच्या चकत्या आल्या. चकत्या ओल्या होतात म्हणून खाली रेक्झिन. रेक्झिनला चरे पडतात म्हणून वर प्लॅस्टिक. प्लॅस्टिक चुरगळतं म्हणून त्यावर जुनी चादर. पॅकिंगवालाच तो, माल बांधल्याशिवाय त्याच्या हाताला चैन कुठली. झाड गेलं चादरीखाली आणि पाहुणे आले घायकुतीला. कुणी गुडघ्यावर बशी तोलायचं, कुणी खिडकीशी उभं राहून घोट घ्यायचं. मेहुणा पुढे जिन्यातच चहा प्यायला लागला. त्याला आपली जागा कळली होती.

काजवाली एकदा म्हणाली, झाड बघायला केलंय की पुरायला. फोरमननं तिला समजावलं की तिला वस्तूची किंमत नाही. ज्या बाईनं बुंधा शिवला, तिला!

आणि एक दिवस कारखान्यातला जुना मॅनेजर घरी आला. त्या दिवशी चादर उडाली, प्लॅस्टिक उडालं, रेक्झिन पलंगाखाली गेलं. मॅनेजरनं घाम सुटलेली गार बाटली थेट काचेवर टेकवली, उचलली, पुन्हा दुसरीकडे टेकवली. ओल्या गोलांची रांग लागली. काजवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी, आता फोरमनचा बांध फुटतोय असं धरून. फोरमन हसला, तोंडभर हसला. "ठेवा साहेब, बिनधास्त ठेवा. काच आहे, पुसता येते."

शिवणारी बाई सुई बाहीला टोचून ठेवते तसं काजवालीनं ते वाक्य ठेवून दिलं.

मॅनेजर गेल्यावर फोरमननं बादलीभर पाणी घेऊन काच घासली, पुसली, पुन्हा धुतली. पाणी कडेनं कुठे उतरतंय ते त्यानं पाहिलं नाही. आणि काच कोरडी दिसल्याबरोबर पॅकिंगची रुंद, तपकिरी चिकटपट्टी घेऊन चारी कडा बंद केल्या, कोपरे दुहेरी. म्हणाला, आता पूर आला तरी आत थेंब जाणार नाही. वर पुन्हा सगळी पांघरुणं.

काही महिन्यांनी बटणवालीचं गाव सोडायचं ठरलं. ती लेकीकडे कायमची राहायला निघाली होती. जाण्याआधी तिची एकच मागणी होती, आपल्या पानाशेजारी बसून पेलाभर सरबत प्यायचं. इतकी वर्षं ह्या घरी येऊन तिनं ते पान काचेखाली एकदाही धड पाहिलं नव्हतं. काजवालीनं शब्द दिला. फोरमननं 'बघू' म्हटलं, आणि त्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना पाठ होता.

रविवारी दुपारी बटणवाली आणि इस्त्रीवाली आल्या. फोरमननं त्यांच्या खुर्च्या आधीच गॅलरीत मांडल्या होत्या. हवा छान येते म्हणाला.

बटणवाली टेबलापाशीच थांबली. चादरीकडे बघत म्हणाली, "भावोजी, कोण आजारी आहे हो?"

इस्त्रीवालीला हसू आवरेना. फोरमन सांगू लागला की ओलावा फार वाईट, पेल्याचा घाम, लिंबाचा आंबटपणा, तुम्हा बायकांना त्यातलं काय कळणार. काजवालीनं सरबताचा ट्रे बाजूला ठेवला आणि चादर ओढली. मग प्लॅस्टिक. मग रेक्झिन.

खाली काच दिसली, पण झाड नीट दिसेना. काचेच्या आत धुकं साचलं होतं. बटणवालीनं पदराऐवजी तळव्यानंच काच पुसून बघितली, धुकं हललं नाही. ते आतून होतं. पानांवर काळे ठिपके चढलेले. बटणांच्या पानाची एक कड बुरशीनं खाल्ली होती, दवबिंदू पिवळे पडले होते.

बटणवाली बोट फिरवून आपलं पान शोधत राहिली, जसं काही ते दुसरीकडे कुठे असेल.

पहिला बोलला फोरमन. "कुणी सांडलं इथे?"

"कुणी सांडणार?" काजवाली म्हणाली. "इथे माणूस तरी बसू दिलात का?"

त्यानं दोष आधी मेहुण्यावर घातला, मग गल्लीतल्या पोरांवर, मग हवेवर. इस्त्रीवालीनं चिकटपट्टीवर नख मारलं. कारखान्यात हा माणूस रोज पहिल्या भोंग्याला काय ओरडायचा, हे तिनं शांतपणे विचारलं. फोरमनला ते आठवायला वेळ लागला नाही. उभ्या नोकरीत तो एकच गोष्ट ओरडला होता: ओला माल पेटीत घालाल तर याद राखा.

तो खुर्चीवर बसला. टेबलाशेजारच्या खुर्चीवर तो बऱ्याच दिवसांनी बसत होता.

काजवालीनं दोरे कापायची छोटी कात्री आणली आणि चारी कडांची पट्टी चिरली. तिघींनी मिळून काच उचलली. झाड गॅलरीत नेऊन उन्हात पसरलं आणि फोरमननं हवेसाठी मांडलेल्या खुर्च्यांवर त्याच्या फांद्या टेकवल्या. तेवढ्या कामाला खुर्च्या बऱ्या पडल्या. काही ठिपके ब्रशनं निघाले, बरेच राहिले. खाल्लेल्या कडेवर बटणवालीनं तिथेच बसून नवे टाके घातले. रंग जुळला नाही. राहू दे म्हणाली, मी गेल्यावर तेवढंच ओळखू येईल.

ऊन कललं तेव्हा झाड सुकलं. ते टेबलावर आलं, वर कोरडी काच आली. काजवालीनं बटणवालीला खुर्ची दिली आणि सरबताचा भरलेला, बाहेरून ओला पेला सरळ काचेवर ठेवला, त्या पानाच्या शेजारी. फोरमनचा हात सवयीनं फडक्याकडे गेला.

"राहू द्या हो," काजवाली म्हणाली. "काच आहे, पुसता येते."

फोरमननं हात मागे घेतला. बटणवालीनं घोट घेतला, पेला खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मुद्दाम दर वेळी दुसरीकडे ठेवत होती. ओले गोल झाडभर उमटले.

आता तुम्ही. उठा आणि घरातल्या टेबलावरची पांघरुणं काढा. साहेब येण्याची वाट बघू नका. ज्या हातांनी ते घर उभं केलंय, त्यांना आज तिथे बसवा आणि पहिला पेला त्यांच्यापुढे ठेवा. खाली काही न ठेवता.