याचा भाता कोण मारते?

इंग्रजी गाणं म्हणजे धांगडधिंगा, यावर माझा तिशीपर्यंत पक्का विश्वास होता. तो मोडला सौसरच्या एका भाड्याच्या खोलीत, ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवत होते आणि माझ्याबरोबर खोलीत सायन्सच्या मॅडम राहत होत्या. खोलीवरही आम्ही एकमेकींना मॅडमच म्हणायचो. त्या नागपूरच्या. त्यांच्या भावानं तिथल्या एका दुकानातून एक कॅसेट भरून घेतली होती, आणि ती ऐकत त्या वह्या तपासायच्या.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे गाणं आहे की कारखाना?" त्या हसल्या आणि वह्या तपासत राहिल्या. मला राग आला, पण एक गोष्ट काही सुटेना. एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू खात होतं. सिनेमाचं गाणं पाच मिनिटांत आटोपतं, मग ही माणसं एवढा वेळ करतात काय? आठवडाभर ऐकल्यावर लक्षात आलं की सुरुवातीला एक चाल येते, ती हरवते, बासरी येते, बरेच गळे एकदम गातात, कुठं मारामारी झाल्यासारखे ढोल बडवतात, आणि मधेच तीच चाल वेगळे कपडे घालून हळूच डोकावते. आमच्याकडे बडा ख्याल गाणारा बुवा मुखडा दाखवत दाखवत फिरतो, तसंच.

मॅडम म्हणाल्या, "ही इंग्लंडमधली पोरं चर्चमध्ये गाऊन, तिकडचं जुनं शास्त्रीय शिकून आली आणि मग विजेच्या गिटारी हातात घेतल्या. तुमच्या बाबांनाच विचारा, त्यांना कळेल."

पण बाबांना विचारणं सोपं नव्हतं.

बाबा पांढुर्ण्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री होते आणि शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पेटीवर बसायचे. दोन वर्षांपूर्वी मशीनच्या पट्ट्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, नेमकी अंगठ्याजवळची. तेव्हापासून पेटी फडताळावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली होती. बाबा भजनाला जात, पण सगळ्यात मागं बसून झांज वाजवत. त्या वर्षी त्यांनी सांगून टाकलं की हनुमान जयंतीला पेटी भजनी मंडळाला देऊन मोकळं व्हायचं. आई काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा आमच्या घरात भांडी बोलतात. मला मात्र धास्तीच बसली. पेटी गेली की उरलेले बाबा आम्हाला मिळणार नाहीत, असं वाटत होतं.

म्हणून एका रविवारी मी मॅडमना आणि त्यांच्या टेपरेकॉर्डरला एसटीत घालून पांढुर्ण्याला आणलं. आईनं पोहे केले. टेप संत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर ठेवला. पाहुणीचा मान म्हणून बाबा ऐकायला बसले, चेहरा असा की दात काढायला आणलं आहे. पाच मिनिटांनी त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजायला लागली.

"सात," ते म्हणाले. "रूपकात वाजवून राहिले हे. कोणी शिकवलं यायले?" मग जरा वेळानं टेपजवळ सरकून म्हणाले, "मॅडम, हा पेटीवाला दोन्ही हातानं वाजवून राहिला."

"हो काका."

"मंग याचा भाता कोण मारते?"

मला हसू फुटलं. पेटीवाल्याचा एक हात जन्मभर हवा मारण्यात जातो, त्याला दुसरं काय सुचणार! पण मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा बाजा विजेवर चालतो. पण चर्चमधले मोठे बाजे असतात ना काका, त्यांच्या मागं पूर्वी खरंच माणूस बसायचा, भाता मारायला. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे."

"म्हणजे वाजवणारा येगळा, हवा मारणारा येगळा," बाबा म्हणाले आणि आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले.

तेवढ्यात पहिली चाल परत येऊ लागली. आता ती पूर्ण येणार, सगळे मिळून वाजवणार, असं वाटत असतानाच खट् झालं. टेपचं बटण वर आलं.

"पुढं?"

"कॅसेट संपली, काका. दुकानदारानं या बाजूत मावेल तेवढं भरलं, मागं दुसरीच गाणी आहेत."

"कॅसेट संपली, गाणं कुठं संपलं? जिथून निघाला तिथं पोचलाच नाही अजून थो!" बाबा असे भडकले की दुकानदार समोर असता तर झांजच बसली असती डोक्यात. आमच्या मंडळात सुरू केलेलं भजन अर्ध्यावर सोडत नाहीत आणि भैरवी म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही. एकदा देवळात साप निघाला होता, तरी भैरवी उरकूनच माणसं पळाली.

मॅडमनी भावाला पत्र टाकलं. उत्तर आलं, रेकॉर्ड दुकानदाराची नव्हतीच, ज्याची होती तो घेऊन गेला. शेवट काही मिळाला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी परत गेलो, तेव्हा बाबांनी स्वतःहून टेप लावायला सांगितला. मधेच ओरडले, "काळी दोनवरून पांढरी दोनवर उतरला हा!" सेल संपत आल्यानं टेप मंदावून सूर उतरला होता, आम्हा दोघींना पत्ताही नव्हता. सेल बदलले, चाल परत आली, खट् झालं. बाबा उठले आणि त्यांनी पेटी खाली काढली. आईच्या हातातली कढई जागच्या जागी थांबली.

डाव्या हातानं चाल आणि उजव्यानं भाता, असं त्यांनी करून पाहिलं. चाल निघाली, पण लंगडी. तिच्याखाली ते लांबलचक धरलेले सूर नव्हते. तीनदा केलं आणि झाकण लावायला घेतलं. "नाही जमत. त्याले दोन हात आहेत."

आई पदराला हात पुसत आली आणि पेटीच्या पलीकडे बसली. "सरका. भाता माह्याकडं द्या. तुम्ही वाजवा."

तिनं असा काही जोर लावला की पेटी किंचाळली. "अवं हळू! चूल नाही फुकून राहिली तू!" बाबा ओरडले. "मंग सांगा ना कसं ते!" आई ओरडली. तासभर दोघं भांडली. मग हळूहळू भाता लयीत आला. उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी षड्ज-पंचम धरले, डाव्यानं ती साहेबाची चाल घरापर्यंत नेली, आणि न थांबता बाबा सरळ भैरवीत शिरले. मी रडले. मॅडमसमोर रडले, लाज वाटली नाही.

हनुमान जयंतीला पेटी देवळात गेली, पण द्यायला नाही. बायका बसतात ती बाजू सोडून आई पेटीसमोर बसली तेव्हा कुजबुज झाली. मंडळाचे म्होरके म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिकडं..." आई म्हणाली, "मी काही गाऊन नाही राहिली जी. नुसती हवा मारतो." त्यानंतर बाबा होते तोवर शनिवारी ती जागा तिचीच राहिली.

परवा माझ्या नातीनं मोबाईलवर काहीतरी लावलं आणि पहिल्या चार सुरांत मी ओळखलं. तीच चाल! आजच्या पोरांना पन्नास वर्षांपूर्वीच्या या गोऱ्या बुवांचं एवढं का वेड, ते तिला सांगता येईना. एवढंच म्हणाली, "कुठं नेतात ते बघावंसं वाटतं आजी." मग मी आयुष्यात पहिल्यांदा खट् न होता शेवट ऐकला. मोठा होता, भरगच्च होता, चाल घरी पोचली.

आई पलंगावर पडून होती. तिला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. पण तिचा हात चादरीवर पुढं-मागं होत होता, संथ, लयीत. गाणं थांबलं तरी तिचा हात थांबला नाही.

"बंद नको करू वं," ती म्हणाली. "त्यायची भैरवी व्हायची आहे अजून."