त्या गाडीचे जॉइंट मी निवडले होते

गाडी वळताना पुढून कटकट वाजायला लागली, की चाकाकडचा जॉइंट गेला असं समजावं. शहापुरात हायवेला लागून आमचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, तेव्हा मी काउंटरला पाठ करून उभी असले तरी सांगायचे, डावा गेला की उजवा. आता दुकान नाही. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं, आणि मी कल्याणला राहते. पण खाली गल्लीत एखादी गाडी तशी कटकटत वळली, की हातातलं लाटणं थांबतं. मेलं इतक्या वर्षांनीही थांबतं. आधी राग येतो. रागाच्या खाली रडू असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

दुकान बाबांचं. नोकरी सोडून त्यांनी ते टाकलं होतं. मी कॉलेज संपवून 'नोकरी लागेपर्यंत' म्हणून काउंटरवर बसले आणि बसलेच. जीपवाले, टेम्पोवाले, मुरबाड-किन्हवलीकडचे मेकॅनिक, सगळे मला ताई म्हणायचे. तो एकटाच काही म्हणायचा नाही. ताई नाही, मॅडम नाही, नुसता समोर येऊन उभा.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात सुतळीच्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काउंटरवर सोडलं तर मधोमध पिळून तुटलेला ॲक्सल, इंजिनाची ताकद चाकाला देणारा दांडा.

"कशाचा?" मी विचारलं.

"गाडीचा."

"गाडीचाच असणार. बैलगाडीचा असता तर लाकडाचा असता."

तो हसला. हसताना मान खाली घालायचा. त्या मानेवर मी पुढं किती जीव टाकला, काय सांगू.

तो धसईच्या पुढच्या गावचा. भातशेती, वडील वारलेले, घरी आई आणि चुलता. गावातल्या एकाची जीप धसई-मुरबाड चालायची, ती हाच चालवायचा आणि हाच खोलायचा. त्यांच्या शिवारात मुंबईच्या कुणा हौशी माणसाचं फार्महाउस होतं. त्या माणसाने कधीतरी एका छोट्या गाडीच्या सांगाड्यावर फायबरची दोन दारांची स्पोर्ट्स कार बनवून घेतली होती. लाल, बसकी, दोनच सीटची. इंजिन निकामी झाल्यावर त्याचा जीव तिच्यावरून उडाला आणि गाडी गोठ्याशेजारी पडून राहिली. शेवटी त्यानेच "घेऊन जा बाबा" म्हटलं. आमच्या या बहाद्दराने ती नेली आणि अपघातात चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन गिअरबॉक्ससकट तिच्यात बसवलं. पहिल्यांदा क्लच सोडला आणि हा ॲक्सल सुतळीसारखा पिळला.

"तुटणारच," मी म्हटलं. "मुंगीच्या पायावर म्हैस उभी केलीस."

"मंग काय घालू?"

तिथून आमचं सुरू झालं. लोकांचं प्रेम कुठं कुठं जमतं, आमचं काउंटरवर ॲक्सल मोजता मोजता जमलं. मोठ्या गाडीचा ॲक्सल गिअरबॉक्सकडून बरोबर बसायचा, पण ती गाडी रुंद, म्हणून तो लांब व्हायचा. आणि चाकाकडचं टोक छोट्या गाडीच्या हबमध्ये, म्हणजे चाक बसतं त्या तुंब्यात, जायचंच नाही. आमच्याकडच्या जीपवाल्यांची यावर एकच युक्ती: मधून कापा, वेल्डिंग मारा, हरी हरी करा. त्याच्याही मनात तेच होतं.

"सांधलेला ॲक्सल माझ्या दुकानातून जाणार नाय," मी सांगितलं. "घाटात तुटला तर तुझी हाडं कोण गोळा करील?"

"तुमी या की."

"चल, हो बाजूला. गिऱ्हाईक थांबलंय."

हे म्हणताना माझे कान तापले होते. त्याने पाहिलं असणार.

शेवटी ठरलं ते असं. चाकाकडचा मोठा जॉइंट घ्यायचा, तो बसावा म्हणून पुढचे दोन्ही हबही मोठ्या गाडीचे लावायचे, आणि मधला दांडा मात्र अख्ख्या सळीतून नवा काढायचा, दोन्ही टोकांना दाते पाडून. आसनगावचा लेथवाला तयार झाला. कोयत्याला देतात तसं दांड्यालाही नीट पाणी द्यावं लागतं. कमी दिलं तर पिळतो, जास्त दिलं तर काचेसारखा तडकतो. त्यासाठी आमचा बहाद्दर अंबरनाथच्या कारखान्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा स्वतःचा धुतलेला शर्ट त्या दोन दांड्यांना गुंडाळलेला. एक आखूड, एक लांब, कारण गिअरबॉक्स गाडीच्या एका अंगाला बसतो.

"ही तू, आन हा मी," तो म्हणाला. पहिल्यांदाच अरेतुरे.

मी उंचीला कमी आहे. रागावून मी त्याच्या अंगावर ग्रीसचं फडकं फेकलं आणि दिवसभर हसत राहिले. बाबा आत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

जॉइंट मी निवडले. काउंटरखालच्या सगळ्या पेट्या उघडून, एकेक हातात फिरवून. आत सहा गोळ्या असतात आणि त्यांना जागच्या जागी धरणारी एक पोलादी जाळी. चाक सरळ असतं तेव्हा सगळ्या गोळ्या सारखा भार घेतात. चाक पूर्ण वळवलं, की तो भार एकदोन गोळ्यांवर येतो आणि जाळीवर ताण पडतो. म्हणून त्याला एकच गोष्ट मी बजावून सांगितली, आणि त्याच्याकडून म्हणवून घेतली.

"स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना रेस द्यायची नाय."

"नाय देणार."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

गाडी तयार झाल्यावर तो ती शहापूरला घेऊन आला. भर दुपारी, सगळ्या हायवेसमोर, मी तिच्यात बसले आणि आम्ही किन्हवली रस्त्याला गेलो. मी खिडकीतून डोकं काढून चाकाचा आवाज ऐकत होते. वळणावर चिडीचूप. काय इंजिन ओढत होतं, आहाहा! भाताच्या खाचरांतली माणसं वाकलेली उठून बघत होती. एका पुलाशी त्याने गाडी थांबवली आणि समोर बघतच म्हणाला, "दोनच सीटा हायत. तिसऱ्याला जागाच नाय."

त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं. मी म्हटलं, "मग घरी येऊन विचार. चोरून मी कुठल्याच गाडीत बसायची नाय. पळून-बिळून तर नायच नाय."

हे सोपं नव्हतं. आम्ही बौद्ध, ते हिंदू शेतकरी. त्यांच्या गावातली माणसं आमच्या दुकानात उधारीवर माल न्यायची, हसून बोलायची, चहाही घ्यायची. पण सून म्हणून आमची मुलगी घरात, हे वेगळं. त्यालाही ते ठाऊक होतं, मलाही. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मुलगा चांगलाय. पण त्याच्या घरचं एक मोठं माणूस आपल्या दारात येऊन विचारू दे. एवढंच. मग मी नाही म्हणायचा नाही."

एवढंच. माझं सगळं आयुष्य त्या 'एवढंच'वर टांगलं गेलं.

त्याचा चुलता तयार झाला. आई धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. शेवटी बोलली, "दसऱ्याला गाडी देवीपुढं फिरव. मंग जा कुठं जायाचं तं." त्यांच्याकडे नवी गाडी, मग ती मोटारसायकल असो की ट्रॅक्टर, दसऱ्याला गावदेवीच्या देवळाभोवती पाच फेऱ्या घालते. फेऱ्या झाल्या की तो चुलत्याला शेजारी बसवून तसाच शहापूरला येणार, असं ठरलं.

दसरा आमच्याही घरी मोठा. आमच्या लोकांनी धम्म घेतला तो दिवस. "दोन्ही घरांचा एकच सण," तो खूश होऊन म्हणाला होता, "आपल्यालाच सोयीचा." सकाळी आम्ही विहारात वंदना करून आलो. मी पांढरी साडी नेसले होते, ती दिवसभर बदलली नाही. आईने खीर केली. शेजारून दोन खुर्च्या मागून आणल्या, कारण आमच्या खुर्च्यांचे वेत सुटले होते. बाबांनी पांढऱ्या सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. मी त्यांना कधी इस्त्री करताना पाहिलं नव्हतं.

मग आम्ही वाट बघत बसलो. त्या इंजिनाचा आवाज मला पाठ होता. हायवेवरून शेकडो गाड्या गेल्या आणि प्रत्येकीच्या आवाजाला मी मनातल्या मनात म्हणत राहिले, ही नाय, ही नाय. दुपार कलली. खिरीवर साय धरली. शेजारीपाजारी सोनं वाटून गेले, "पाहुणे येणार होते ना?" असं विचारून गेले. बाबा दुकानातल्या फोनशेजारी जाऊन बसले. धसईला पीसीओ होता, तिथून तो नेहमी फोन करायचा. फोन वाजला नाही. मला वाटलं, अपघात झाला. खरं सांगते, मी देवबीव न मानणारी बाई, पण त्या दिवशी हात जोडून बसले की त्याला काही होऊ देऊ नको. दिवेलागणीला बाबा उठले आणि शेजारच्या खुर्च्या परत देऊन आले. मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

पाचसहा दिवसांनी तो आला. धडधाकट. पिशवीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून त्याने काउंटरवर ठेवलं. पहिल्यांदा आला होता तसंच. फक्त मान आधीच खाली होती.

मी फडकं सोडलं. उजवा जॉइंट. जाळी एका अंगाला फुटली होती, गोळ्या ग्रीसमध्ये सुट्या लोळत होत्या. दांड्याला काही झालं नव्हतं. लेथवाल्याने चोख काम केलं होतं.

"किती कापलं होतंस?"

"पूर्ण. देवळाच्या मागं चौथरा हाय, जागाच नाय."

"आन रेस?"

"चढ हाय तिथं. पोरं बॉनेटवर बसलेली, बेंजो वाजत व्हता. सगळी वरडायला लागली, ताण रे, ताण. मी ताणली."

"शपथ घेतली होतीस."

तो हळूच म्हणाला, "तिसऱ्या फेरीला फुटला. गाडी तिथंच देवळाच्या मागं बसली. आई म्हनते, देवीनंच अडवलं. सगळा गाव तेच म्हनतो. चुलता पन आता नाय म्हनतो."

माझ्या डोक्यात असा जाळ झाला! हा माणूस माझ्याबरोबर याच काउंटरवर तासन्‌तास उभा होता. गोळ्या कशा फिरतात, जाळी कुठं फुटते, का फुटते, हे अख्ख्या मुरबाड तालुक्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आईला नसेल माहीत. गावाला नसेल. पण याला?

"आन तू काय म्हनतोस?" मी विचारलं. "तू सांगितलंस का त्यांना, कशानं फुटला ते?"

त्याने एक गोळी उचलली, बोटांनी तिचं ग्रीस पुसलं आणि पुन्हा फडक्यावर ठेवली.

"मी काय बोलनार गो," तो म्हणाला.

एवढंच बोलला. मी त्याला शिव्या देणार होते, तो जॉइंट त्याच्या कपाळात घालणार होते. काही केलं नाही. देवी त्याला अडवत असती तर मी देवीशीही भांडले असते. पण त्याला अडलेलंच बरं वाटत होतं, तिथं मी कुणाशी भांडू?

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "असाच दुसरा हाय का?"

बाबा आतून बाहेर आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. ते त्याच्यावर ओरडतील असं मला वाटलं, ओरडावं असं वाटलं. ते त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, फुटलेल्या जाळीकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "आज कसा आलास, पोरा? गाडी तर बसलीय."

"एसटीनं, काका. किन्हवलीवरून."

"दसऱ्याला बंद होती का रे एसटी?"

बाहेर एक ट्रक गेला, दुकानातल्या बरण्या थरथरल्या.

"नाय, काका," तो म्हणाला. "चालू व्हती."

बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दे त्याला जॉइंट."

मी खाली वाकले, सगळ्या पेट्या उघडल्या, एकेक जॉइंट हातात घेऊन फिरवून पाहिला. त्यातला चांगला निवडला आणि कागदात बांधून त्याला दिला.